फरशीवरचा डाग आणि मागची गुणगुण: जुन्या एसयूव्हीचा दोष कसा शोधायचा

आषाढात रपटे (पाणी वरून वाहणारे बुटके पूल), दिवाळीला डाग, होळीला गुणगुण. इंदूरच्या जुन्या बोलेरो, सुमो, सफारी, स्कॉर्पिओचं वर्ष पुष्कळदा असंच जातं. पावसात चोरल, पातालपाणी, जाम गेटकडच्या फेऱ्यांत गाडी पाण्यातून निघते, मग पार्किंगच्या फरशीवर तेलाचा टिपका दिसू लागतो आणि काही महिन्यांनी साठच्या वेगाला मागून बारीक रडण्याचा आवाज येतो. गॅरेजमध्ये या दोन तक्रारी वेगवेगळ्या सांगितल्या जातात, बिलंही दोन होतात. खरं तर अनेकदा ती एकच तक्रार असते: सील गेलं, तेल उतरलं, बेअरिंग उपाशी राहिलं. म्हणून क्रम असा ठेवा. डाग कशाचा ते आधी, तो कुठून उतरला ते नंतर, आवाज कोणत्या अटीवर येतो ते त्यानंतर, आणि पाना सगळ्यांत शेवटी.

पुढचं सगळं इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, मधे लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागे एकसंध हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला, गिअर आणि तेल असलेला लोखंडी खोका) अशा गाड्यांसाठी आहे. फोर बाय फोरचं शेवटाकडे.

डाग वाचणं

फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. गाडी फिरवून, गरम असतानाच सपाट जागी उभी करा, पुठ्ठा खाली सरकवा आणि चारही चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखा. रात्रभर राहू द्या. उतारावर लावू नका, उतारावर थेंब भलतीकडेच पडतो. सकाळी डागाचा रंग, वास, जागा, तिन्ही टिपून घ्या.

डिझेल इंजिनचं तेल काळंकुट्ट असतं आणि बोटांत पातळ लागतं. गिअर ऑइल मधासारखं दाट, तपकिरी आणि गंधकाच्या उग्र वासाचं. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल बहुतेक गाड्यांत लाल, जुनं झालं की तपकिरी पडतं. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं, वास गोडसर, आणि वाळलं की रंगीत पापडी धरतं. ब्रेक ऑइल फिकट पिवळं आणि निसरडं. रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं. मेच्या उन्हात डाव्या बाजूला पुढे पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं, त्याची काळजी नको.

मागच्या चाकाच्या आतून ओल दिसली की घोटाळा होतो. ते हाउसिंगचं गिअर ऑइल आहे की व्हील सिलिंडरचं ब्रेक ऑइल, हे जुन्या, मळलेल्या डागावरून कळत नाही. वाटीत पाणी घ्या, काडीने त्यातला एक थेंब सोडा. तेल वर तरंगेल आणि इंद्रधनुषी तवंग धरेल. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असल्याने पाण्यात विरघळून जाईल. विरघळलं तर गाडी जागेवरून हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. दोन्ही प्रकारांत ब्रेक शू भिजलेले असले तर ते बदलावेच लागतात. पेट्रोलने धुऊन, सँडपेपर मारून परत बसवलेले शू गरम झाले की आत मुरलेलं तेल पुन्हा वर आणतात आणि एक चाक कमी ब्रेक धरतं.

कूलंट सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री ते चाटतात, लहान मुलंही बोट लावतात.

गळती किती, याचा हिशेब मांडून बघा. साधारण २० थेंबांचा १ मिली होतो. मिनिटाला एक थेंब आणि गाडी रोज दोन तास चालते असं धरलं तर दिवसाला ६ मिली, महिन्याला १८० मिली. मागच्या हाउसिंगमध्ये तेल असतं साधारण दीड-दोन लिटर, म्हणजे पाच महिन्यांत जवळपास अर्धं गायब. इंजिन ऑइलची डिपस्टिक आपण अधूनमधून तरी बघतो. हाउसिंगला डिपस्टिक नसते, त्यामुळे ते रिकामं होताना कुणाला कळत नाही.

उगम शोधणं

तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं. जिथून थेंब पडतो ती जागा म्हणजे उगम नव्हे. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा शोधायची. जुन्या गाडीखाली वर्षांचा काळ्या मातीचा आणि तेलाचा थर बसलेला असतो, त्यात काही दिसत नाही, म्हणून आधी धुणं आलं. डिझेल किंवा डिग्रीझर ब्रशने लावा, वीस मिनिटं थांबा, मग पाणी मारा. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकने झाकून घ्या. वाळल्यावर संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि १५-२० किलोमीटर फिरून या. पांढऱ्यावर काळी रेघ जिथून सुरू होते तिथे गळती आहे. टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा सोबत असू द्या.

इथली सगळ्यांत महागडी चूक म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडताना पाहून क्रँकचं मागचं सील गेलं असं ठरवणं. त्या सीलसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग मागच्या कोपऱ्यात कडक झालं तरी तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत नेमकं तिथेच येतं. वर हात घालून टॅपेट कव्हरची मागची कड चाचपा. ओली असेल तर आधी ते पॅकिंग बदला, धुवा, आठवडाभर बघा. वरचं सगळं कोरडं आणि तरी थेंब येतोय, तरच आत जायचं. त्यातही थेंब काळा असेल तर इंजिनचं सील, तपकिरी आणि उग्र वासाचा असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट सील. क्लच तेव्हा हाताशी येतोच. प्लेट अर्ध्याहून जास्त झिजलेली असली तर त्याच मजुरीत बदलून घ्या.

एकाच वेळी तीन-चार जागांहून इंजिन ऑइल पाझरत असेल तर दोष सीलांचा नसतो, आतल्या दाबाचा असतो. इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण सैल करा. धुराचे भपके जोरात येत असतील, झाकण उडू पाहत असेल तर आधी ब्रीदरचा, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारा, पाइप साफ करा. त्याने फरक पडला नाही तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि नवी सीलंही टिकणार नाहीत.

कूलंटसाठी वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालचं बारीक छिद्र बघा. तिथे पापडी धरली असेल तर आतलं सील गेलेलं आहे. बाहेर कुठेच ओल नाही आणि बाटलीतली पातळी मात्र उतरते, तर डाव्या सीटपुढचा गालिचा दाबून बघा. हीटरची कोर फुटली की तो ओलसर राहतो आणि काचेवर चिकट वाफ धरते. तेही नसेल तर हेड गॅस्केटकडे वळा. गरम इंजिनचं रेडिएटर कॅप उघडू नका.

कॉमन रेल इंजिनवर (डिझेल मोठ्या दाबाने एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना देणाऱ्या) डिझेलचा वास आला तर चालू इंजिनमध्ये पाइपावर हात फिरवून गळती शोधायची नाही. आत १००० बारहून जास्त दाब असू शकतो, बारीक फवारा कातडीत घुसतो. इंजिन बंद करूनच बघा.

हाउसिंग: सील बदलण्याआधी ब्रीदर

मागच्या हाउसिंगवर, वरच्या बाजूला, एक छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. तो ब्रीदर. गाडी चालली की आतली हवा गरम होऊन फुगते आणि तिथून बाहेर पडते. ब्रीदर माळव्याच्या काळ्या मातीने बुजला, किंवा कुंभारीण माशीने नळीत मातीचं घर केलं, की हवेला वाट राहत नाही. मग ती सीलांच्या ओठांतून तेल घेऊन बाहेर येते. उलटही घडतं. गरम हाउसिंग रप्ट्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. एका बुजलेल्या टोपीपायी तीन सीलं गळतात आणि तेलात पाणीही जातं. लोक सीलं बदलतात, दोन महिन्यांनी पुन्हा गळतं, आणि दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो.

टोपी हाताने फिरायला आणि किंचित वरखाली हलायला हवी. नळी असेल तर काढून तोंडाने फुंका, सहज फुंकलं गेलं पाहिजे. बुजलेली असेल तर साफ करा, हाउसिंग धुऊन दोनशे किलोमीटर चालवा आणि मगच सीलचं ठरवा. पाण्यातून नेहमी जाणाऱ्या गाडीला तेल सहन करणारी लांब नळी जोडून तिचं टोक चासीच्या वर, इंजिनच्या बाजूला नेऊन बांधा. खर्च किरकोळ आहे.

मग पातळी बघा. भरायचा प्लग आधी सैल करायचा, खालचा नंतर. वरचा प्लग गंजून अडकलेला असेल आणि खालून तेल आधीच सोडून दिलं असेल तर गाडी जागेवर अडकते. गाडी सपाट उभी असताना तेल भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत हवं. करंगळी वाकवून आत घातली तर टोक भिजलं पाहिजे. खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा, मऊ लेप ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारी चकती, तुकडा किंवा सुईसारखा कीस निघाला तर क्राउन-पिनियन (शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) उघडणं टळत नाही. तेल दुधाळ, कॉफीसारखं निघालं तर पाणी गेलंय: नवं भरा, शंभरेक किलोमीटर चालवा, तेही काढून पुन्हा भरा. हाउसिंगला जीएल-५ दर्जाचं, बहुधा ८० डब्ल्यू ९० किंवा ८५ डब्ल्यू १४०, मॅन्युअल सांगेल ते. तेच उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं, कारण जीएल-५ मधली जादा रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतात.

पिनियन सील बदलताना आवाज कसा जन्माला येतो

हाउसिंगच्या नाकाशी, जिथे शाफ्ट जोडला जातो, तिथलं सील पिनियनचं. स्वस्तातली वस्तू आणि तासाभराचं काम म्हणून ते कुणालाही दिलं जातं. सील बदलून आणल्यावर आठ दिवसांत गाडी रडू लागते, ते इथेच.

कारण असं. अनेक हाउसिंगमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दाबली जाणारी पातळ नळी असते. फॅक्टरीत नट आवळताना ती ठरावीक मापाने चेपली जाते आणि त्यावरून बेअरिंगवरचा दाब ठरतो. इम्पॅक्ट गनने नट जोरात आवळला तर नळी आणखी चेपते. नट परत सैल केला तरी ती मूळ मापावर येत नाही. मग दाब एक तर जास्त होतो आणि बेअरिंग जळतं, नाही तर पिनियन खेळू लागतो.

म्हणून: गाडी पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी अडण लावून मागून उचला, हाउसिंग लोखंडी घोड्यांवर टेकवा, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. शाफ्ट काढला की गिअर गाडी धरत नाही आणि मागची चाकं उचललेली असली की हँडब्रेकही धरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या गोल चकत्यांवर) पंचाने समोरासमोर खूण करा, शाफ्ट सोडून तारेने बाजूला बांधा. मागचे ड्रम काढा, म्हणजे ब्रेकची ओढ मोजमापात मिसळणार नाही. आता पिनियनच्या फ्लँजभोवती सुतळी गुंडाळा, तिला हातातला स्प्रिंग काटा अडकवा आणि एकसारखं ओढा. फ्लँज सावकाश फिरत असताना काटा दाखवतो तो आकडा लिहून ठेवा. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज या तिघांवर एका रेषेत खूण करा, बाहेर दिसणारे आटे मोजा.

नट काढा, फ्लँज पुलरने ओढा, हातोड्याने नाही. फ्लँजच्या ज्या गोलावर सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलेली आहे आणि नवं सीलही तिथून गळेल. फ्लँज बदला, बारीक स्टीलची बाही चढवा, किंवा जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर कमी खोल बसवा म्हणजे ओठ कोऱ्या भागावर येईल. सीलची स्प्रिंगवाली बाजू आत, ओठाला ग्रीस, आणि बाहेरच्या कडेइतक्या व्यासाच्या पाइपाने सगळीकडून सारखं ठोकत बसवा. नट खुणेपर्यंत आणा. मग हाताच्या पान्याने तसूतसूने पुढे जा, दर वेळी सुतळी ओढून बघा. आधीचा आकडा किंवा त्याहून केसभर जास्त आला की थांबा. जिथे नळीऐवजी पक्के शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतात तिथे ही कसरत नाही, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळायचं.

आवाज कोणत्या अटीवर येतो

आधी टायर. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो: सिमेंटवर एक, डांबरावर दुसरा. हाउसिंगचा आवाज रस्त्याला दाद देत नाही. टायरवर तळहात उलट-सुलट फिरवा; एका दिशेला करवतीसारखं लागलं तर पुढची-मागची चाकं अदलाबदल करून बघा. आवाज जागा बदलेल.

चाचणीसाठी पिथमपूरच्या नॅट्रॅक्ससारखा (गाड्यांच्या चाचणीचा) ट्रॅक लागत नाही. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याचा पहाटेचा रिकामा पट्टा पुरतो. काचा बंद, एसी-रेडिओ बंद, मागच्या सीटवर ऐकायला एक माणूस. साठचा वेग धरा. आधी पाय दाबत वेग वाढवा, मग पायाने वेग नुसता राखा, मग पाय पूर्ण सोडा, शेवटी क्लच दाबून गाडी मोकळी पळू द्या.

वेग वाढवताना रडते आणि पाय सोडला की गप्प होते: क्राउन-पिनियनच्या दातांची ड्राइव्हची बाजू किंवा पिनियनचं बेअरिंग. पाय सोडल्यावरच रडते: दातांची मागची बाजू, आणि पिनियनचा नट सैल झालाय का ते पहिल्यांदा बघा. ही दुसरी तक्रार शहरात काही सेकंदच ऐकू येते. मानपूरच्या घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर उतरताना मात्र ती सलग ऐकू येते, आणि परतीच्या चढावर दुसरी बाजू तपासून होते. चारही स्थितींत सारखा घरघराट असेल तर बाजूची किंवा चाकाची बेअरिंग. फक्त वळताना कुरकुर, सरळ रस्त्यावर काही नाही, तर डिफरन्शियलमधले (वळणावर दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या भागातले) छोटे स्पायडर गिअर.

चाकाचं बेअरिंग ओळखायला रिकाम्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवी नागमोड घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. नंतर चाक उचलून वर-खाली धरून हलवा, आणि फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर हाताला लागते.

थरथर असेल तर तिची गती मोजा. २३५/७५ आर १५ टायरचा घेर सुमारे २.३ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाचे सात फेरे. हाउसिंगचं प्रमाण ४.१ असेल तर शाफ्टचे जवळपास तीस. स्टिअरिंगला मोजता येईल अशी संथ थरथर चाकाची. सीटखाली गुंजणारी, मोजता न येणारी शाफ्टची. त्याच साठला तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये चालवून बघा. गिअर बदलल्याने थरथर बदलली तर दोष इंजिन किंवा क्लचकडे, शाफ्टकडे नाही.

गिअर टाकून क्लच सोडताना मागून 'खट्' येतो तो बहुधा क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या अधिक-चिन्हासारख्या सांध्याचा. चाकांना अडण लावून न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, गाडीखाली जा. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारा दुशाखी तुकडा) एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या बाजूचा झटक्याने फिरवा. दोघांत वेगळी हालचाल दिसली, किंवा वर-खाली खेळ जाणवला, तर क्रॉस गेला. कपाच्या तोंडाशी विटकरी लाल भुकटी म्हणजे आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. असा क्रॉस संथ वेगात चिमणीसारखा चिवचिवतो आणि लोक त्याला ब्रेकचा आवाज समजतात. निपल असेल तर चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारा. एका कपातून निघालंच नाही तर तो कप आत बुजलेला आहे, क्रॉस बदला. पाण्यातून जाऊन आल्यावर हे काम लगेच करायचं असतं.

क्रॉस बदलल्यावर नवी थरथर आली तर शाफ्ट सरकत्या जोडावर एक-दोन दात चुकून बसलेला असतो. एकाच शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका पातळीत हवेत. जोडावर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर आणा. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर बोटाने दाबा. ते फाटलं की गाडी जागेवरून उठताना पोटाखाली 'धडधड' होते आणि वीस-पंचविसाच्या पुढे थांबते. मागे स्प्रिंगमध्ये जास्तीचं पाटं (पोलादी पट्टी) टाकून गाडी उंच केली असेल तर क्रॉसचा कोन बिघडतो. अशा गाडीत चांगले क्रॉसही लवकर जातात.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत घरघर, क्लच दाबला की बंद: इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच चीं: रिलीज बेअरिंग. सगळ्या गिअरांत आवाज पण थेट चालणाऱ्या चौथ्यात शांत: खालच्या लेशाफ्टची (गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या दांड्याची) बेअरिंग.

फोर बाय फोर गाडी कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ड्राइव्ह, वरचा वेग) चालवली की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी झुंजतात, स्टिअरिंग जड होतं, सुटताना धाडकन आवाज येतो. तो दोष नाही, चुकीचा वापर आहे; टू-हायमध्ये टाका आणि थोडं मागे घ्या. फोर-लोमध्ये चढावर कटकट उडी मारल्यासारखी होत असेल तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीची) साखळी ताणलेली आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक येत असेल तर पुढच्या चाकाचा सीव्ही जॉइंट (वळतानाही फिरकी पोहोचवणारा सांधा), आणि रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतील.

सील किंवा बेअरिंगचं काम करून आणलं की वीस किलोमीटर चालवून लगेच हाउसिंगच्या नाकावर आधी पाण्याचा थेंब टाका. चुरचुरला तर हात लावू नका. नाही चुरचुरला तर तळहात टेकवा. कोमट ते बऱ्यापैकी गरम ठीक आहे. हात टिकत नसेल किंवा थेंब उडाला असेल तर नट जास्त आवळला गेलाय. गाडी तिथेच थांबवा, नवी नळी टाकून पिनियन पुन्हा बसवायला सांगा.